शाळेनें अंगणांत जावें

बालवर्गांत नवें मूल आलें म्हणजे तें शाळेस योग्य झालें आहे कीं नाहीं, हें आपण बारकाईनें पाहतों. त्यास रंगांचीं नांवें येतात काय? तें स्पष्ट बोलतें काय? परंतु शाळा त्या मुलास योग्य झाली आहे काय, असें कोणी क्वचितच विचारतो. माझ्या मतें पहिला प्रश्न हाच असावयास पाहिजे.

महाराष्ट्रांत तो पूर्वींच विचारला गेला आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर बालशिक्षणाचें कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यांतील मुलें तेथें येईनात. "या लोकांस शिक्षणाचें महत्त्वच कळत नाहीं," असें म्हणून स्वस्थ बसतां आलें असतें. आजही पुष्कळजण तेंच करितात. ताराबाईंनीं शाळाच उचलून वाड्यांतील अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. १९७५ सालच्या सरकारी योजनेनें हें नांव देशभर पोहोंचविलें.

पुढें १९५७ सालीं हें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलांसाठीं ताराबाई व अनुताई वाघ यांनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. कडेवर धाकटें भावंड असलेली मुलगी वर्गांत बसणार कशी? भावंड पाळणाघरांत दिलें कीं ती मोकळी! गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा निघाली. माँटेसोरीचीं महाग साधनें परवडेनात, तेव्हां शिंपले, बिया, पानें व खडे हींच साधनें झालीं.

अंगण, साधनें, वेळ इतकें बदललें, तरी एक गोष्ट उरतेच, आणि आजच्या बालवर्गांत तिचीच हेळसांड अधिक होते. ती म्हणजे मुलाची घरची बोली. वारली पाड्यावरचें, ऊसतोडणी कामगाराचें, परप्रांतांतून आलेल्या गवंड्याचें मूल एकाच चटईवर बसतें. चार वर्षांचें तें बाळ घरचा शब्द उच्चारतें, वर्ग हंसतो, बाई शब्द सुधारतात, आणि मूल गप्प होतें. मग त्याच्या नांवापुढें "मंद" असा शेरा पडतो!

प्रमाण मराठी त्यास यावयास नको काय, असा आक्षेप येईल. अवश्य यावी, परंतु ज्यास बोलण्याचीच भीति बसली तें मूल कोणतीच भाषा शिकणार नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही शक्य तेथें किमान पांचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असें म्हटलें आहे. आमच्या बऱ्याच बालवर्गांच्या भिंतींवर मात्र अद्याप 'ए फॉर ॲपल'च लटकत आहे.

आठवड्यांतून एकदां अर्धा तास तरी एखाद्या आईस वर्गांत बोलवावें. तिनें पाण्यास, भाकरीस, पावसास आपल्या बोलींत काय म्हणतात तें सांगावें. बाईंनीं तो शब्द सर्व मुलांसह म्हणावा व फळ्यावर लिहावा. हा तास कोणत्या विषयांत धरावा, असें तपासनीस विचारतील. भाषेंत धरावा.