कवाड नको, उंबरठा हवा

अफवा इंटरनेटमुळे पसरते, म्हणून गडबड झाली की नेट बंद करावे, असे म्हणणारे आमच्या जुन्या जालन्यात पुष्कळ आहेत. त्यांची काळजी खरी आहे. मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते आणि 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. पण रोग खरा म्हणून सांगितलेले औषध खरे ठरत नाही.

26 फेब्रुवारी 2024. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आमच्या जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीत एसटी जाळली गेली आणि जिल्ह्यातले नेट बंद झाले. मी गांधी चमनजवळच्या टपरीवर होतो. साधे फोन चालूच होते. कुणाच्या मेहुण्याने एक बस सांगितली; चहा संपेपर्यंत तिच्या चार झाल्या. पोलिसांचा खुलासा मात्र कुणाच्याच मोबाईलवर दिसेना.

दुसरे म्हणतात, अडाणी माणसे काहीही पुढे ढकलतात. एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के अधिक निघाली. हा फरक यंत्रांनी नव्हे, माणसांनीच पाडला होता. नवलाची ओढ शिकलेल्यालाही सुटत नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका निवृत्त गुरुजींनी ‘ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवे’ असा बिनतारखेचा मेसेज टाकला. फोन लावला, तर पेशंट आठ महिन्यांपूर्वीच घरी गेलेला. पुढे त्याच ग्रुपवर तारीख, वॉर्ड आणि नातेवाइकाचा नंबर लिहिलेला मेसेज आला, तेव्हा अर्ध्या तासात दोघे रक्त द्यायला निघाले. माणसे तीच, ओळखीची साखळीही तीच.

म्हणून माझे म्हणणे असे, की कवाड लावू नका, उंबरठा घाला. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाऊ लागला. असे मेसेज त्यानंतर 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. एवढ्याशा अडथळ्याने एवढा फरक पडतो. प्रशासनाने तासातासाला खुलासा द्यावा, अ‍ॅडमिनने बिनतारखेचा मेसेज काढावा आणि आपण पाठवण्याआधी एक फोन लावावा.

त्या दिवशी टपरीवर एकाने तेच केले. तीर्थपुरीच्या पाहुण्याला फोन लावून त्याने स्पीकर सुरू केला. बस एकच होती. मग चारची गोष्ट कुणी पुढे नेली नाही.