चामखीळ नव्हे, गोचीड
लोहगड-विसापूरच्या वाटेवर गुरं चरतात, त्यामुळे तिथल्या गवतातून माणसाच्या पोटरीवर किंवा कुत्र्याच्या कानात गोचीड येणं नवं नाही. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी राखाडी दिसते आणि घरोघरी चामखीळ समजली जाते. भिंगातून आठ पाय दिसले की शंका संपते. मग रॉकेल, उदबत्तीचा चटका, चुना हे उपाय सुरू होतात. ते कृपा करून थांबवा. डिवचलेली गोचीड जखमेत लाळ सोडते आणि रोगजंतू त्या लाळेतूनच येतात. बारीक टोकाच्या चिमट्यानं तिला कातडीलगत धरून न पिळता सरळ वर ओढा, जागा साबणानं धुवा, बोटांनी चिरडू नका. कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची मान रोज चाचपा. त्यानं खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर पशुवैद्य गाठाच. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावू नका, ते त्याच्या जिवावर बेततं. गोचिडीला क्षुल्लक समजू नये: 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप तीच पसरवते, त्याचा विषाणू पुण्याच्याच संशोधकांनी ओळखला आणि 2016 साली तो सिंधुदुर्गात दोडामार्गला आला. भटकंतीनंतर पंधरवड्यात ताप किंवा पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आधी सांगा.