खिशातले पिस्तूल आणि 'जीविताला धोका'

महाराष्ट्राबाहेर नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून अलीकडे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कोणी उत्तर प्रदेशात कारखाना चालवतात, कोणी मध्य प्रदेशात रस्त्यांची कंत्राटे घेतात, कोणी दिल्लीच्या सीमेवरील नव्या वसाहतीत बंगला बांधून राहिले आहेत. प्रश्न असा असतो : "साहेब, परवान्याचे होऊन जाईल, पण खिशात मावेल, कोणाच्या नजरेस पडणार नाही, असे लहान पिस्तूल कोणते घ्यावे?"

या प्रश्नातला दुसरा भाग तांत्रिक आहे. पहिल्या भागाने मात्र मी दर वेळी अस्वस्थ होतो. 'परवान्याचे होऊन जाईल' हे तीन शब्द आपल्या जिल्हा प्रशासनाविषयी जे सांगतात, ते कोणत्याही तपासणी अहवालात सापडणार नाही.

तरीही आधी तांत्रिक भागाचे उत्तर देतो, कारण माझा पुढचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा .३८ बोअरचे हत्यार मिळत नाही. ती 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. परदेशातून स्वतःसाठी पिस्तूल मागवण्याची वाटही कित्येक दशके बंद आहे. त्यामुळे जुन्या विलायती वेब्ली किंवा ब्राउनिंगला आज जो भाव येतो, तो हत्याराच्या गुणांचा नसून दुर्मीळतेचा आहे. उरतात ती .३२ आणि .२२ बोअरची देशी हत्यारे : इशापूरच्या कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल, कानपूरची रिव्हॉल्व्हरे, त्यांतलेच २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले 'प्रबल'. अलीकडे हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे खासगी कारखान्यातही .३२ चे रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले आहे. रिव्हॉल्व्हरचा लाभ असा की एखादे काडतूस फुसके निघाले तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. तोटा असा की त्याचे फिरते चक्र जाड असते आणि खिशाला फुगवटा आणते. पिस्तूल चपटे, झाकायला सोपे. पण नळीत काडतूस भरून बाळगावे तर अपघाताची भीती, आणि न भरता बाळगावे तर ऐन वेळी दोन्ही हात मोकळे हवेत. कोणतेही असो, ते किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर उघडे खिशात टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण. चाप झाकणारे म्यान हवेच.

आता या साऱ्या निवडीतली मेख लक्षात घ्या. हत्यार लपवायला जे जे सोयीचे, ते ते नेम धरायला गैरसोयीचे. नळी आखूड असली की नेमाची रेषा आखूड होते. मूठ लहान असली की करंगळीला जागा उरत नाही. वजन कमी असले की हाताला धक्का अधिक बसतो. शिवाय .३२ च्या गोळीची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. ज्या साधनाला सर्वाधिक सराव लागतो, तेच साधन आपण अशा माणसाच्या खिशात ठेवतो ज्याने परवाना मिळाल्यावर जेमतेम पाच-दहा गोळ्या, त्याही कोणाच्या तरी शेतात, झाडलेल्या असतात. बहुतेक जिल्ह्यांत नागरिकाला सराव करता येईल असे नेमबाजीचे मैदानच नाही.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. हातात सुरा घेतलेला मनुष्य एकवीस फूट अंतर किती वेळात कापतो? सुमारे दीड सेकंदात. प्रशिक्षित पोलिसाला कमरेच्या म्यानातून हत्यार काढून नेमकी गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो. हा हिशेब कमरेला उघडे म्यान लावलेल्या, रोज सराव करणाऱ्या माणसाचा. सदऱ्याखाली झाकलेल्या, पर्सच्या तळाशी गेलेल्या हत्याराचा हिशेब सुज्ञ वाचकांनी स्वतःच करावा.

आणि झाकावे तर लागतेच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात वा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले असावे लागते. ते परजणे हा परवाना रद्द होण्यास पात्र असा प्रमाद आहे. वरातीत कमरेचे रिव्हॉल्व्हर मिरवणारे आपले मान्यवर रोज या नियमाचा भंग करतात, ही गोष्ट वेगळी.

लहान पिस्तुलाचा खरा उपयोग ज्याला होतो, तो म्हणजे वेळ आणि जागा स्वतः निवडणारा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात तिथले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. त्या घटनेचे राजकीय मूल्यमापन येथे करावयाचे नाही. केवळ हत्याराच्या अंगाने पाहा. जिल्ह्याचा सर्वोच्च अधिकारी, भोवती त्याचेच प्रशासन, आणि एका तरुणाच्या अंगावरचे छोटे पिस्तूल कोणालाच दिसले नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता. क्षण हल्लेखोराच्या हाती असतो. बचाव करणाऱ्याला तो मिळत नाही.

याच कारणाने 'निर्भीक'ची कल्पना मला प्रथमपासून खटकली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर देश हादरला. तेरा महिन्यांनी सरकारी आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात, वेष्टन दागिन्यांच्या डबीसारखे किरमिजी. ती तरुणी त्या रात्री बसमध्ये चढली होती, कारण घरी जायला दुसरे वाहन मिळाले नाही. बसने आणि मेट्रोने फिरणाऱ्या स्त्रीने सव्वा लाखाचे हत्यार घ्यावे ही अपेक्षाच विचित्र. त्यात दिल्ली मेट्रोत शस्त्र घेऊन प्रवेशच नाही. म्हणजे जिच्या नावाने हत्यार काढले, तिला ते स्थानकाच्या दाराशीच निरुपयोगी. रात्रीची बस वेळेवर सोडणे, बेकायदा फिरणाऱ्या बसगाड्या अडवणे, गस्तीचे वाहन फिरते ठेवणे ही शासनाची कामे होती. त्यांच्या जागी शासनाने एक वस्तू विकायला काढली. यास मी जबाबदारीचे हस्तांतर म्हणतो, आणि तेही ग्राहकाच्या खर्चाने.

परवान्याकडे वळू. १८७८ च्या कायद्यात युरोपीय लोकांना सूट होती आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती. त्याविषयीचा राग आपल्या राष्ट्रीय चळवळीत खोलवर होता. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला तो या जाणिवेने. त्याचे कलम १३ वाचण्यासारखे आहे. नागरिकाने स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक मागितली, तर कायदा परवाना देण्याकडे झुकतो. इतर हत्यारांसाठी, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी, प्राधिकाऱ्याची खात्री पटेल असे 'सबळ कारण' लागते. घर राखणारी लांब बंदूक आणि अंगावर लपणारे हत्यार यांतला फरक कायदेमंडळाने जाणीवपूर्वक केला आहे. कलम १४ तर पुढे जाऊन म्हणते की केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणाने परवाना नाकारू नये.

व्यवहारात उलटे घडते. अर्जाबरोबर प्राप्तिकराची विवरणपत्रे येतात, जमिनीचे उतारे येतात, लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र येते, आणि 'सबळ कारण' या रकान्यात तीन शब्द येतात : जीविताला धोका आहे. पोलीस ठाण्याचा अहवालही तेच तीन शब्द उतरवून 'हरकत नाही' म्हणतो.

माझा आक्षेप येथे आहे. धोका खरा असेल, तर तो कोणापासून? त्या व्यक्तीविरुद्ध फिर्याद कोठे आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ अन्वये, म्हणजे जुन्या कलम १०७ प्रमाणे, तिच्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र का घेतले नाही? आणि यांतले काहीच झालेले नसेल, तर धोका आहे हे ठाणेदाराला कळले कसे? एकाच ठाण्याच्या दप्तरात एका कागदावर माणसाचा जीव धोक्यात असतो आणि दुसऱ्या कागदावर हद्दीत सर्वत्र शांतता असते. जो अधिकारी अशा अहवालावर स्वाक्षरी करतो, तो एक तर खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवतो किंवा खोट्या धोक्याला शासकीय शिक्का देतो. तिसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

हा धोका किती खरा असतो याची परीक्षा निवडणुकीत आपोआप होते. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रे मोठ्या प्रमाणावर पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होतात. महिना-दोन महिने ती मालखान्यात पडून असतात. तेवढ्या काळात 'माझा जीव धोक्यात आहे, मला संरक्षण द्या' असा अर्ज घेऊन कितीजण दारात येतात? माझ्या अनुभवात, बोटांवर मोजण्याइतके. तक्रारी येतात त्या वेगळ्याच : घरी लग्न आहे, तेवढ्यापुरती बंदूक सोडा.

गृहमंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. उत्तर प्रदेशातला नागरिक त्या प्रमाणात अधिक सुरक्षित आहे असे तेथे राहणारे माझे मराठी वाचकही म्हणणार नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये तर २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने नियमबाह्य रीतीने दिले गेल्याचे सीबीआयचे म्हणणे आहे. त्यात जिल्हा दंडाधिकारी पदावर काम केलेल्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. आपल्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघडकीस आले आणि मग घाईने छाननी व रद्द करण्याचे सत्र सुरू झाले. छाननी हत्येआधी का होऊ शकली नाही, हा प्रश्न त्या एका जिल्ह्यापुरता नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. पोलीस वेळेवर येत नाहीत. मग माणसाने काय करावे? खरे आहे. आडरस्त्याच्या पेट्रोल पंपावरची रोकड बँकेत नेणारा मनुष्य, खंडणीखोरांविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिलेला छोटा व्यापारी, यांचे कारण सबळ असू शकते, आणि अशांना प्रशिक्षणाचा दाखला पाहून परवाना द्यावा असेच माझे मत आहे. पण शिफारसपत्र मिळवण्याची ऐपत याच लोकांकडे सर्वांत कमी असते. साक्षीदारासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचे बळ दिले. तिच्या अर्जांची संख्या आणि शस्त्र परवान्याच्या अर्जांची संख्या कोणत्याही जिल्ह्यात शेजारी शेजारी मांडून पाहावी.

अमेरिकेतले वाचक म्हणतील की तिकडे हा हक्क आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. त्यांच्या घटनेत तसा हक्क आहे. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये जमण्याचा हक्क आहे तोच 'विनाशस्त्र' या अटीसह. आणि तिकडे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. हत्यार घरात आले की ते प्रथम घरातल्यांच्या हाताशी येते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली, हे अनेकांना आठवत असेल. असो.

ज्यांनी परवाना आधीच घेतला आहे, त्यांना दोन गोष्टी सांगतो. घरी वृद्ध, मुले किंवा मनाने खचलेले कोणी असेल तर हत्यार कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात. आणि त्याचीही खात्री नसेल तर कायद्यानुसार ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येते, त्यासाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. दुसरी गोष्ट बदलीवाल्यांसाठी. राहण्याचे ठिकाण बदलले की नव्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते पोलीस तपासानुसार मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते; परवाना उत्तर प्रदेशातला, आणि मुंबईत त्याची नोंद केलेली नव्हती.