पेनड्राइव्ह फिरतो, सेटिंग फिरत नाही

ऑक्टोबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती आणली. त्या आवृत्तीपासून, बाहेरून जोडल्या जाणाऱ्या पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कसाठीचे मूळ धोरण बदलले. आधी ते ‘बेटर परफॉर्मन्स’ होते, तेव्हापासून ‘क्विक रिमूव्हल’ झाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ही गोष्ट बातम्यांत आली, तेव्हा तिचा अर्थ सरळ एका वाक्यात सांगितला गेला: आता पेनड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ करायची गरज नाही. ते वाक्य लोकांच्या मनात पक्के बसले. बदल चांगलाच होता आणि फार आधी व्हायला हवा होता. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती ज्यांच्याकडे लग्नाच्या फोटोंची, दुकानाच्या हिशेबाची किंवा प्रबंधाची दुसरी प्रत नसते अशांना.

मुळात या दोन धोरणांत फरक काय, हे नीट समजून घ्यायला हवे. गर्दीच्या वेळी दुकानदार उधारी कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि संध्याकाळी निवांतपणे पक्क्या खात्यावर चढवतो. ‘बेटर परफॉर्मन्स’मध्ये विंडोज तेच करते. पेनड्राइव्हवर लिहायचा मजकूर आधी संगणकाच्या मेमरीत साठवते, पडद्यावर ‘कॉपी झाली’ असे दाखवते आणि प्रत्यक्ष लेखन मागाहून उरकते. काम झटपट झाल्यासारखे वाटते. पण त्या मधल्या काळात ड्राइव्ह ओढून काढला, तर टिपलेले खात्यावर चढतच नाही. ‘क्विक रिमूव्हल’मध्ये विंडोज अशी साठवण करत नाही, जे लिहायचे ते थेट ड्राइव्हवर लिहिते. म्हणून कॉपीची हिरवी पट्टी संपली की विंडोजच्या बाजूने तरी देणे उरत नाही. घाईत असणाऱ्या सामान्य माणसाला हेच धोरण योग्य आहे, आणि ते मुद्दाम बदलायचे कारण बहुतेकांना नाही.

मात्र विंडोजच्या बाजूने देणे उरले नाही, म्हणजे कुणाचेच उरले नाही असे नव्हे. झेरॉक्सच्या दुकानात रोज दिसणारे दृश्य घ्या. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देते, दुकानातला मुलगा वर्डची फाइल थेट पेनड्राइव्हवरूनच उघडतो, गिऱ्हाईक म्हणते, ‘दादा, तेवढी तारीख बदला’, तो बदलतो, प्रिंट मारतो आणि फाइल उघडी असतानाच पेनड्राइव्ह काढून हातावर ठेवतो. इथे क्विक रिमूव्हल चालू असून उपयोग नाही. बदललेली तारीख अजून वर्डच्या ताब्यात आहे, ती विंडोजकडे लिहायला आलेलीच नाही. शिवाय वर्डने त्याच फोल्डरमध्ये स्वतःसाठी तयार केलेली लपलेली तात्पुरती फाइल तशीच मागे राहते. टॅलीचा डेटा किंवा एखादी मोठी एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवणाऱ्यांचा धोका याहून मोठा आहे, कारण असे प्रोग्रॅम एका नोंदीसाठी अनेक ठिकाणी लिहितात आणि अर्धे लिहून झालेला हिशेब न लिहिलेल्या हिशेबाहून अधिक त्रासदायक असतो. ‘इजेक्ट’ म्हटले की विंडोज आधी हेच तपासते, की या ड्राइव्हवरची एखादी फाइल कुणी उघडून बसले आहे का. ओढून काढणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरे देणे ड्राइव्हच्या पोटात असते. पेनड्राइव्हमध्ये मेमरीच्या चिपसोबत एक कंट्रोलर असतो. फ्लॅश मेमरीत जुने पुसल्याशिवाय त्याच जागी नवे लिहिता येत नाही, आणि पुसावे लागते ते मोठ्या गठ्ठ्यांनी. त्यामुळे कोणता मजकूर कुठे आहे याची यादी कंट्रोलर सतत बदलत असतो आणि काही आवराआवर विंडोजने काम संपले असे मानल्यानंतरही करत राहतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर एखादी फाइलच नव्हे, पूर्ण ड्राइव्ह वाचता न येण्याची शक्यता असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची गोष्ट आणखी वेगळी. वीज अचानक तुटली की तिचे वाचक टोक घाईने बाजूला घेतले जाते. असे घाईचे थांबे डिस्क सोसते, पण नेहमीच्या शिस्तीतल्या थांब्यांच्या मानाने फार कमी वेळा. त्यात तबकडी अजून फिरत असताना डिस्क उचलून बॅगेत टाकणे, हे तर तिचे आयुष्य कमी करण्यासारखेच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट बातम्यांतल्या त्या एका वाक्यात आलीच नाही. हे धोरण पेनड्राइव्हमध्ये नसते, संगणकात असते. विंडोज ते प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळे ठेवते, आणि मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्याप्रमाणे, ड्राइव्ह काढून पुन्हा त्याच संगणकाच्या त्याच पोर्टला लावला तर ते कायम राहते. पेनड्राइव्ह मात्र एका जागी बसत नाही. तो घरून कॉलेजात जातो, कॉलेजातून डीटीपीवाल्याकडे, तिथून छापखान्यात. त्या प्रवासात एखादा संगणक अजून विंडोज ७चा असतो, एखाद्याचे धोरण कुणीतरी वेगासाठी बदललेले असते, एखादा ॲपलचा असतो, एखाद्यावर लिनक्स असते. मॅकवर इजेक्ट न करता ड्राइव्ह काढला की तो नीट काढला नसल्याचा इशारा लगेच येतो. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी संपल्यावरही बरेच लेखन मेमरीत शिल्लक असू शकते, आणि पट्टी संपली म्हणून ड्राइव्ह काढणाऱ्याची शेवटची फाइल अर्धवट राहते. घरच्या संगणकावर क्विक रिमूव्हल आहे म्हणून लागलेली सवय माणूस या सगळ्या ठिकाणी सोबत नेतो. सेटिंग घरीच राहते. समोरच्या अनोळखी संगणकावर कोणते धोरण आहे हे माहीत नसताना सगळीकडे चालणारी वागणूक एकच आहे: फाइल बंद करा, इजेक्ट करा, मग काढा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वर्षानुवर्षे तसाच ओढून काढतोय, काही झाले नाही. ते खरेही असेल. यूएसबीची रचनाच चालू संगणकाला लावता-काढता यावे अशी केली आहे. जानेवारी १९९६मध्ये तिचे पहिले प्रमाण आले. बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे उद्दिष्टच ते होते. नेहमीच्या चपट्या पिनेत वीज देणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या आतल्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब ठेवल्या आहेत, म्हणजे लावताना वीज आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी तुटते. त्यामुळे ओढून काढल्याने पोर्ट जळेल ही भीती अनाठायी आहे, आणि ती घालणाऱ्यांनी ‘इजेक्ट’चे नुकसानच केले आहे, भीती खोटी ठरली की लोक सल्लाही टाकून देतात. धोका विजेचा नसून अर्धवट लेखनाचा आहे. तो दर वेळी प्रत्यक्षात उतरत नाही. ड्राइव्ह निवांत असेल तेव्हा काहीच होत नाही, आणि बहुतेक वेळा तो निवांतच असतो. पण तो निवांत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अनेक पेनड्राइव्हला आता लुकलुकणारा दिवाही नसतो. त्यात बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. अर्धवट राहिलेला व्यवहार ओळखून मागे फिरवण्याची नोंदवही या दोन्ही पद्धतींत नाही. एनटीएफएसमध्ये ती आहे, पण ती फोल्डरांची रचना सावरते, फाइलमधला मजकूर परत देत नाही. पुढच्या वेळी ड्राइव्ह लावल्यावर ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारले जाते आणि दुरुस्तीनंतर फाउंड.००० नावाच्या फोल्डरात निरर्थक नावांचे तुकडे उरतात, ते यामुळेच.

दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो रास्त आहे. व्हिडिओ संकलन करणारे, बाहेरच्या डिस्कवरूनच मोठमोठ्या फाइल हाताळणारे, हजारो छोट्या फाइल एकदम हलवणारे यांना क्विक रिमूव्हल संथ वाटू शकते. मायक्रोसॉफ्टही हे नाकारत नाही. असे काम करणाऱ्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्ज उघडावे, आपल्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’वर जावे आणि जाणूनबुजून बेटर परफॉर्मन्स निवडावे. अट एकच, त्या दिवसापासून इजेक्ट न करता काढणे बंद. तिथेच खाली, लेखन-साठा डिस्कवर उतरवण्याचे विंडोजचे आदेश बंद करणारा आणखी एक पर्याय दिसतो. डिस्कला स्वतंत्र विजेचा आधार असेल तरच तो वापरा, असे विंडोज तिथेच बजावते. यूएसबीच्या तारेतून वीज घेणाऱ्या डिस्कला असा आधार कुठून असणार? तरीही वेगाच्या मोहापायी त्यावर टिचकी मारली जाते.

आता सगळे क्लाउडवर असते, पेनड्राइव्ह वापरतो कोण, असेही म्हटले जाते. कागदपत्रांपुरते ते बरेचसे खरे आहे. पण फोटो स्टुडिओवाला गिऱ्हाइकाला लग्नाचे पूर्ण चित्रण देतो ते पेनड्राइव्हवरच, आणि घराघरातला बॅकअप एक-दोन टीबीच्या डिस्कवरच असतो. पेनड्राइव्ह पूर्वीपेक्षा कमी वेळा लागत असेल, पण लागतो तेव्हा त्यात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काही असते.

तिसरा आक्षेप मात्र वापरणाऱ्याचा नाही, विंडोजचा दोष दाखवणारा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस शहाण्यासारखा इजेक्ट करायला जातो आणि उत्तर मिळते: डिव्हाइस वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा. कोणता प्रोग्रॅम? ते सांगितले जात नाही. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी तेच उत्तर येते, कारण कदाचित अँटिव्हायरस तपासणी करत असतो किंवा एखादा प्रोग्रॅम पडद्याआड चालू असतो. दोन-तीनदा प्रयत्न करून माणूस वैतागतो आणि शेवटी ड्राइव्ह ओढतोच. त्याला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. गंमत नव्हे, खेद याचा आहे की विंडोजला अडवणाऱ्याचे नाव बहुतेकदा माहीत असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पीएनपी’च्या २२५ क्रमांकाच्या नोंदीत, कोणत्या प्रोग्रॅमने ड्राइव्ह काढायला अडवले ते लिहिलेले सापडते. ती नोंद शोधायला सामान्य माणूस कधी जाणार? तेच नाव त्या इशाऱ्याच्या चौकटीत दाखवले, आणि शेजारी ‘हा प्रोग्रॅम बंद करा’ असे बटण दिले, तर इजेक्ट टाळण्याचे सर्वांत मोठे कारण जाईल. तोवर उपाय जाडाभरडा पण खात्रीचा आहे: संगणक पूर्ण बंद करायचा आणि मग ड्राइव्ह काढायचा. स्लीप किंवा हायबरनेट करून काढणे मात्र टाळावे, कारण त्या अवस्थेत फाइल उघडीच राहिलेली असते.

राहिला प्रश्न सामायिक संगणकांचा. महा ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, शाळेची संगणक खोली, ग्रंथालय. इथे ड्राइव्ह लावणारा रोज नवा असतो आणि त्याला या धोरणांची माहिती असण्याची अपेक्षा करता येत नाही. म्हणून जबाबदारी संगणक चालवणाऱ्याने घ्यावी. अशा प्रत्येक संगणकावर क्विक रिमूव्हलच ठेवावे. इजेक्टचे चिन्ह टास्कबारच्या लहान बाणाआड दडलेले असते, ते सेटिंगमधून कायम दिसेल असे बाहेर काढावे. दुरुस्ती करायची असेल तर फाइल डेस्कटॉपवर घेऊन करावी आणि सेव्ह करून परत पेनड्राइव्हवर टाकावी. मात्र आधार कार्डाची किंवा दाखल्याची प्रत डेस्कटॉपवर राहू देऊ नये, काम झाले की ती गिऱ्हाइकासमोर पुसावी, रीसायकल बिनमधूनही. नुसती प्रिंट हवी असेल तर पीडीएफ थेट पेनड्राइव्हवरून उघडायला हरकत नाही, फक्त खिडकी बंद करून, इजेक्ट करून ड्राइव्ह परत द्यावा. शाळांमध्ये संगणकाच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला मुलांना फाइल सेव्ह करायला शिकवतात, त्याच तासाला हेही शिकवता येते.