वायरीचा कीबोर्डच बरा

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर सकाळचे पहिले दोन तास फार घाईचे. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी तिसगाव, करंजी, माणिकदौंडी, खरवंडी कासार अशा चारी बाजूंनी सकाळच्या एसटीने आलेली माणसे एकाच रांगेत उभी असतात. अशा वेळी बिनतारी कीबोर्ड अडला की खिडकीमागचा ऑपरेटर तो उलटा करून आपटतो, सेल काढून पँटला घासतो, पुन्हा घालतो. कीबोर्ड चालू होतो, रांग पुढे सरकते आणि विषय संपला असे सगळे समजतात. पण पूर्ण बंद पडलेला कीबोर्ड फक्त रांग थांबवतो. खरी काळजी करावी ती अधूनमधून एखादा आकडा गिळणाऱ्या कीबोर्डची.

‘आजी, वय काय तुमचं?’ आजी थोडा विचार करतात, सुनेकडे बघतात, मग म्हणतात, ‘असंल की अठ्ठेचाळीस-पन्नास.’ तेवढ्या वेळात सेल वाचवण्यासाठी कीबोर्ड डुलकी घेतो. ऑपरेटर ४८ दाबतो. पहिले बटण कीबोर्डला जागे करण्यात खर्ची पडते आणि पडद्यावर उमटतो फक्त ८. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने ठरलेला असतो, त्यामुळे तिथे चूक पकडता येते. वयाला, वजनाला किंवा औषधाच्या मात्रेला असा पहारेकरी नसतो.

हाच केसपेपर पुढे प्रयोगशाळेत जातो. अनेक ठिकाणी संगणक वय बघून तपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा आपणच छापतो. अल्कलाइन फॉस्फेटेज घ्या. वाढत्या मुलांमध्ये हाडे वाढत असल्याने त्याचे प्रमाण प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. आठ वर्षांच्या मुलासाठी ठीक असलेला आकडा अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईत यकृताच्या किंवा हाडाच्या आजाराची खूण असू शकतो. रिपोर्टवर मात्र तो नॉर्मल म्हणून छापून येतो, आणि गर्दीत ठळक छापलेले आकडेच आधी वाचले जातात. उलटाही प्रकार घडतो. बटण दाबल्याचा संदेश पोहोचतो, सोडल्याचा हरवतो. मग संगणकाला वाटते की बोट अजून बटणावरच आहे आणि ५०० चे ५००० होतात.

असे का होते? यातले बरेचसे कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर बोलतात. वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. सीपीयू बहुधा लोखंडी टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून ठेवलेला असतो आणि कीबोर्डचा नखाएवढा रिसीव्हर त्याच्या मागच्या बाजूला. पत्र्यातून लहर जात नाही. त्यात शेजारच्या निळ्या पोर्टला हार्डडिस्क लावली असेल तर आणखी पंचाईत. हे वेगवान यूएसबी पोर्ट आणि त्यांची उपकरणे नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडले आहे. तेव्हा सेल बदलण्याआधी रिसीव्हर पुढच्या पोर्टला, शक्यतो काळ्या पोर्टला लावून बघावा. एक-दोन हात लांबीची यूएसबीची जोडवायर घेऊन तो टेबलावर आणला तर उत्तमच. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

सेल बदलायचे तर दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे. कप्प्यातल्या पट्टीवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर तो कोरड्या कापडाने पुसावा. डुलकीचा त्रास संगणकाकडूनही होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती काढून टाकावी. ब्लूटूथचा कीबोर्ड असेल तर जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावा लागतो, आणि संगणक पुरता सुरू होण्याआधी तो बहुधा चालतच नाही. साफसफाईत दोन खिडक्यांचे रिसीव्हर अदलाबदल झाले तर एका खिडकीवर दाबलेले शेजारच्या पेशंटच्या नावावर उमटते. रिसीव्हरवर आणि कीबोर्डवर एकच नंबर रंगवून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

एवढा खटाटोप करायचाच का, हा प्रश्न उरतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की आठ कंपन्यांचे काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड दाबलेले अक्षर सांकेतिक न करता तसेच हवेत सोडतात आणि ते सुमारे २५० फुटांवरून वाचता येते. सगळेच बिनतारी कीबोर्ड तसे नसतात, पण भांडारात येणारा कीबोर्ड कोणत्या जातीचा हे बघतो कोण? २५० फुटांत रुग्णालयाबाहेरची चहाची टपरीही येते. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात हे शब्द याच खिडक्यांवर टाइप होतात.

बिनतारी कीबोर्ड सभागृहात शोभतो, जिथे साहेब दुरून पडद्यावरचे पान उलटतात. केसपेपर, प्रयोगशाळा आणि औषध खिडकी या तीन ठिकाणी वायरीचाच हवा. तो काही शे रुपयांत येतो, सेल खात नाही. वायर तुटते, उंदीर कुरतडतात, ही तक्रार खरी आहे. पण वायर तुटली की कीबोर्ड सरळ बंद पडतो, चुकीचे वय लिहीत बसत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात ‘कीबोर्ड-माऊस संच’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘वायरयुक्त’ हा एक शब्द घातला की काम होते. हा खर्च मंजूर होईपर्यंत चुकलेल्या नोंदीबद्दल कंत्राटी ऑपरेटरला नोटीस देणे थांबवावे, आणि छापलेला कागद खिडकीबाहेर देताना नाव आणि वय मोठ्याने वाचण्याची सवय लावावी. ‘वय वर्षे आठ’ ऐकल्यावर वाचता न येणाऱ्या आजीही कागद परत करतील.