विश्लेषण : ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर पुढे काय? पॅलिएटिव्ह केअर गावच्या उपकेंद्रापर्यंत कशी येणार?

‘आता घरी न्या, सेवा करा.’ कॅन्सर, पक्षाघात किंवा निकामी किडनीच्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. पनवेलकरांसाठी यातला विरोधाभास जास्त ठळक आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ याच तालुक्यात, खारघरला आहे. दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण तिथे येतात. पण उपचार थांबल्यावर याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पडून असलेल्या माणसाची जखम कोणी धुवायची, रात्री दोन वाजता कळ आली तर काय द्यायचे, हे प्रश्न मोठे रुग्णालय सोडवू शकत नाही. त्यांची उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असायला हवीत. सरकारी कागदावर ती आहेतही.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे चार दिवस?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज. आजार बरा होणार असो वा नसो, वेदना, धाप, उलट्या, झोप न येणे, भीती यांवर उपाय करणे आणि सोबत घरच्यांनाही सावरणे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. मराठीत तिला उपशामक सेवा म्हणतात. ती केमोथेरपी सुरू असतानाही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. या गरजूंत फक्त कॅन्सरचे रुग्ण नाहीत. हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार, स्मृतिभ्रंश असलेलेही यात येतात.

सरकारी यंत्रणेत ही सेवा कुठे बसते?

केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. महाराष्ट्राने स्वतःचे धोरणही त्याच वर्षी आणले, केरळनंतर. प्रयोगासाठी नाशिक जिल्हा निवडला गेला होता. पुढे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ही सेवा प्राथमिक आरोग्याचा भाग मानली. आयुष्मान भारतमध्ये उपकेंद्रांची ‘आरोग्यवर्धिनी’ झाली (आता नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’), तेव्हा ठरलेल्या १२ सेवांत वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअरही आली.

म्हणजे साखळी तयार आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा सेविका, सपाट भागात ५ हजारांमागे आणि आदिवासी भागात ३ हजारांमागे एक उपकेंद्र, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएम, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ फॉर्म आशाताई भरून घेतात, त्यात जेवण, अंघोळ, शौचाला दुसऱ्याची मदत लागते का, असाही प्रश्न आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी त्यातूनच निघू शकते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सगळे सुटे भाग आहेत, जोडणी राहिली आहे.

मग अडते कुठे?

सर्वात आधी मॉर्फिनपाशी. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध आहे. साधी गोळी साधारण दर चार तासांनी द्यावी लागते, सोबत बद्धकोष्ठतेचे औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिल्यास व्यसन लागण्याची भीती फार कमी, पण भीती मात्र डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ती घट्ट केली. त्याआधी औषध मिळत होते, नंतर परवान्यांच्या जंजाळात अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. आणि हे अशा देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात औषधी अफूची कायदेशीर शेती होते!

२०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. आता अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच मान्यता लागते. अट अशी, की संस्थेत प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. इथेच गोम आहे. प्रशिक्षित डॉक्टरची बदली झाली की औषध असूनही नसल्यासारखे. मान्यता नसलेले केंद्र मॉर्फिन ठेवू शकत नाही, म्हणून घरातला एक माणूस मजुरी बुडवून मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. नेरे किंवा आपट्याच्या पुढच्या वाडीतून ही फेरी म्हणजे अख्खा दिवस.

दुसरी अडचण पैशाची आणि वेळेची. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण या रांगेत ज्याचा मोबदला आणि अहवाल ठरलेला, ते काम आधी होणार. अंथरुणावरच्या आजोबांकडे बसलेला अर्धा तास कोणत्याही रकान्यात दिसत नसेल, तर तो कर्तव्यभावनेवर किती दिवस चालेल?

शहरी भागाचे कोडे वेगळे आहे. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, नागरी आरोग्य केंद्रे आली. पण शहरी आशांचे काम मुख्यतः वस्त्यांसाठी बेतलेले. खारघर, कामोठ्याच्या टॉवरमध्ये एकट्या राहणाऱ्या आजींचे दार कोण वाजवणार? तिथे खासगी ब्युरोची आया परवडणारे आणि न परवडणारे, एवढेच दोन गट उरतात.

केरळने काय वेगळे केले?

१९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनामुक्ती क्लिनिक सुरू केले. पुढे स्वयंसेवक गल्लोगल्ली उभे राहिले. २००८ च्या धोरणानंतर मात्र खरा फरक पडला : पंचायतीने स्वतःच्या निधीतून प्रशिक्षित परिचारिका नेमायची आणि तिला गृहभेटीसाठी गाडी द्यायची. डॉक्टर रोज येत नाही, परिचारिका येते. ती कॅथेटर बदलते, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते सुनेला शिकवते, जखमेची दुर्गंधी घालवायला मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून कशी वापरायची ते दाखवते. यातल्या कशालाच अतिदक्षता विभाग लागत नाही. पनवेल परिसरातल्या ग्रामपंचायतींना आणि महापालिकेलाही एवढा खर्च अवघड वाटू नये, असे आमचे मत.

घरी रुग्ण असेल तर आज काय करता येईल?

डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी लिहून मागा : वेदना वाढली तर कोणते औषध किती द्यायचे, ते संपल्यावर कुठे मिळेल आणि रात्री कोणाला फोन करायचा. ते कागद घेऊन उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेटा, रुग्णाची नोंद करायला सांगा आणि गृहभेट मागा. गावात आणखी असे रुग्ण असतील, तर त्यांची नावे ग्रामसभेत एकत्र मांडा. परिचारिकेची मागणी एका घराची राहत नाही.