ब्लॉक बदलला, गुन्हा कोणता?

२०२२ मधील गोष्ट. कोलकात्यातील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना दिवंगत वडिलांची अँबॅसॅडर स्वतःच्या नावे करून घ्यायची होती. गाडी १९६० च्या दशकातली. निरीक्षकांनी चॅसीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो जुळला. इंजिनचा जुळेना, कारण ब्लॉक मध्यंतरी केव्हातरी बदललेला. झाले! त्या क्षणापासून हे सद्गृहस्थ कार्यालयाच्या लेखी संशयित ठरले. फाटकाबाहेर एक मध्यस्थ भेटलाच. आहे तो क्रमांक घासून जुना ठोकून देतो, म्हणाला, मग साहेबांची सही होईल.

प्रामाणिक माणसाला खोटा क्रमांक ठोकण्याचा सल्ला मिळावा आणि तोच सर्वांत सोपा मार्ग ठरावा, ही व्यवस्था वाहनचोरी रोखते असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

लोखंडी ब्लॉक अमर नसतो. बोअर पुनःपुन्हा कातून भिंत पातळ होते, पाणी आटून इंजिन तापले की तडा जातो, कनेक्टिंग रॉड तुटून बाजू फोडून बाहेर येतो. लायनर बसवण्यालाही मर्यादा असते. साठ वर्षे चाललेल्या गाडीत मूळचाच ब्लॉक असेल, तर मला उलट त्याचेच आश्चर्य वाटेल.

ब्लॉकची ओळख पटवणे फार अवघड नाही, पण त्यासाठी वाकून पाहावे लागते. ब्लॉकवर दोन जातींचे क्रमांक असतात. उठावाचा क्रमांक साच्यातूनच येतो. तो हजारो ब्लॉकवर सारखा असतो आणि प्रकार सांगतो. दुसरा ठोकलेला किंवा रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवरचा. तो एकेका इंजिनाचा. पट्टी दोन रिव्हेट काढले की दुसरीकडे जाते, उठावाचा आकडा जात नाही. आणि आमच्या कार्यालयांत तपासला जातो तो फक्त दुसरा! घासलेल्या जागेवर मूळ यंत्रकामाच्या सरळ रेघा पुसल्या जातात, अंकांची उंची व खोली विषम दिसते. हे ओळखायला बॅटरी, तारेचा ब्रश आणि थोडी जिज्ञासा पुरते.

अँबॅसॅडरचेच घ्या. सुरुवातीच्या गाड्यांत १४७६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. १९५९ पासून १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे ब्रिटिश बीएमसीच्या बी मालिकेतले, आले. १९५८ च्या गाडीत हे दुसरे इंजिन आढळले तर प्रकार बदलला, हे मान्य. परंतु १४८९ च्या जागी १४८९ चाच ब्लॉक ही निव्वळ दुरुस्ती होय. खुद्द बीएमसी 'गोल्ड सील' नावाने नूतनीकृत इंजिने विकत असे. त्यांच्या पट्टीवरचा क्रमांक '४८जी' ने सुरू होई आणि जाणकार त्यावरूनच बदली इंजिन ओळखतात. बदली लपवण्याची गरज उत्पादकालाही वाटली नव्हती.

आपला कायदाही इतका आंधळा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ला त्याच मेक व प्रकाराचे इंजिन बसवण्याची कल्पना परिचित आहे, आणि फेरबदल चौदा दिवसांत कळवून नोंदवून घेण्याची तरतूदही तेथेच आहे. चौदा दिवस चुकले असतील, कदाचित वडिलांच्या हातून चाळीस वर्षांपूर्वी! त्यासाठी दंड घ्यावा, पावती द्यावी आणि नोंद करावी. २०२१ च्या विंटेज वाहनांच्या नियमांनी तर घोळ वाढवला. पन्नास वर्षांवरील वाहन मूळ स्वरूपात हवे, इंजिनात फेरबदल नको, अशी त्यांची अट. मग समान प्रकारचा ब्लॉक हा फेरबदल की दुरुस्ती? याचा अर्थ खिडकीवरील लिपिकाने का लावावा? मंत्रालयाने एका परिपत्रकात हे स्पष्ट करावे, आणि नोंदपुस्तिकेत बदली इंजिनासाठी मूळ क्रमांक, नवा क्रमांक, उठावाचा क्रमांक व तारीख असा रकाना द्यावा. जुना क्रमांक खोडू नये, कारण इतिहास तोच आहे.

शिक्षकांनी ठोका मारून घेतला नाही. गाडी आजही वडिलांच्याच नावे, ताडपत्रीखाली उभी आहे.